आपल्या दारातून समुद्राकडे
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा चेअरमन साहेबांनी घेतलाच आहे. मी बोलणार आहे ते आपल्या कचऱ्याच्या डब्याविषयी. हसू नका, विषय गोड जेवणाआधीचा नाही, पण गरजेचा आहे.

गेल्या मार्चमध्ये आपली सहल आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला गेली. शेजारच्या मालगुंडच्या किनाऱ्यावर एका कासवमित्रानं आपल्याला अंड्यांभोवतीचं जाळीचं कुंपण दाखवलं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, वाळूत शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं समुद्राकडे निघतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावानं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेबरोबर २००२ पासून ही अंडी राखायला सुरुवात केली. जिथं अंडी चोरीला जायची, तिथं आता लोक पिल्लं बघायला जातात. म्हणजे गावाची सवय बदलू शकते, बरं का!

तिथं वाळूत पिशव्या आणि बाटल्याही दिसल्या. तेव्हा आपल्यातल्या एका मुलानं विचारलं, "आपला कचरा इथं येतो का?" नाही, बाळांनो. आपण घाटमाथ्याच्या पूर्वेला राहतो. पन्हाळा तालुक्याच्या एका अंगाला कासारी, दुसऱ्या अंगाला वारणा. कासारीचं पाणी प्रयाग चिखलीला पंचगंगेत जातं, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वारणा हरिपूरला मिळते. आणि कृष्णा थेट आंध्रात बंगालच्या उपसागराला. तिथल्या किनाऱ्यावरही हीच कासवं अंडी घालतात. म्हणजे आपल्या गडाखालच्या ओढ्यात पडलेली पिशवी कोकणात जाणार नाही. पण पावसाच्या लोंढ्याबरोबर निघाली तर तिची वाट समुद्राकडेच आहे.

सहलीनंतर आपल्या काही घरांनी साध्या गोष्टी सुरू केल्या. दारामागं खुंटीला कापडी पिशवी. प्रवासात स्टीलची बाटली. ओल्या कचऱ्यासाठी भोकं पाडलेला ड्रम: एक थर भाजीची देठं, एक थर वाळका पाला, वर थोडं आंबट ताक. आपल्याकडं पाऊस आणि धुकं भरपूर, म्हणून ड्रम वळचणीखाली ठेवायचा आणि पाला जरा जास्त घालायचा. नाहीतर वास सुटतो आणि शेजारीण बोलायची बंद होते!

आता खरं बोलते. अशा सवयींचा भार बहुतेक वेळा घरातल्या बाईवर पडतो, आणि उरलेला सफाई करणाऱ्या माणसावर. वेगळा न केलेला कचरा शेवटी कुणीतरी हातानंच निवडतं. फुटकी काच आणि ब्लेड त्यांच्या बोटांना लागतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा द्यायला सांगितलं होतं. नियम बाजूला ठेवा, पण रोज सकाळी आपल्या दाराशी येणाऱ्या माणसाचा हात शाबूत राहावा, एवढं तरी आपण करू शकतो.

म्हणून माझा एक ठराव आहे. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. तरी बारसं असो की सत्यनारायण, कार्यक्रमानंतर गेटजवळ कागदी-प्लॅस्टिक ताटांचा ढीग लागतोच. सोसायटीनं वर्गणीतून स्टीलची शंभर ताटं, वाट्या, पेले घ्यावेत आणि ते प्रत्येक घराला कार्यक्रमासाठी फुकट मिळावेत. आता प्रश्न येईल, घासणार कोण? माझं उत्तर तयार आहे. जेवणारा आपलं ताट आपण विसळेल, आणि उरलेल्या भांड्यांची पाळी लागेल. त्या पाळीत पुरुषांची नावं आधी लिहायची. टाळ्या फक्त बायकांकडून आल्या, हे लक्षात घेते मी!

जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आता तीन दरवाजा, अंधारबाव बघायला देशोदेशीची माणसं येतील. झुणका-भाकर खातील, मडक्यातलं दही खातील. ते काय टाकून जातात याची काळजी आपण करतोच. पण त्यांना सांगायचा हक्क आपल्या गेटपासून सुरू होतो.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडते आहे. अनुमोदनाला हात वर करा. आणि जे हात वर होतील, त्यांची नावं मी पाळीच्या वहीत लगेच लिहून घेईन.