लक्षात येण्याआधीचे दिवस



लातूर-नांदेडकडच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण असतं. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि गर्भाचा धडा दर वर्षी याच ताटापासून सुरू केला. पुस्तकातली लिलीच्या फुलाची आकृती मुलं पाठ करतात आणि विसरतात. भाकरी विसरत नाहीत.

फुलावर परागकण पडतो, त्यातून बारीक नळी निघून बीजांडापर्यंत पोचते. त्या नळीतून एक नाही, दोन नरपेशी आत उतरतात. एक अंडपेशीला मिळते आणि त्यातून युग्मनज तयार होतो, म्हणजे नव्या रोपाची पहिली पेशी. दुसरी शेजारच्या मोठ्या पेशीला मिळते आणि त्यातून त्या गर्भाची शिदोरी तयार होते. या शिदोरीत दोन वाटे आईचे आणि एक वाटा बापाचा असतो. ही दुहेरी जुळणी 1898 साली सेर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिली. ज्वारीच्या दाण्यातला पांढरा पिठाळ भाग म्हणजे हीच शिदोरी. आपली भाकरी तिचीच.

तुरीचं वेगळं. तुरीचा गर्भ शेंगेत असतानाच ही शिदोरी खाऊन संपवतो आणि सगळं अन्न आपल्या पहिल्या दोन पानांत भरून ठेवतो. ती दोन जाड पानं म्हणजे डाळीच्या दोन पाकळ्या. सोयाबीन उगवताना ही पानं मातीबाहेर येताना तुम्ही पाहिलीच असतील. तुरीची मातीतच राहतात. लातूरच्या डाळमिलमध्ये तूर भरडली की त्या दोन पाकळ्यांमधला इवलासा कोंब तुटून चुनीत जातो आणि चुनी जनावरांपुढे. पुढचं झाड त्या कोंबातून व्हायचं असतं.

आता कापूस. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं ‘नांदेड-44’ हे संकरित वाण आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. संकरित सरकी हाताने करावी लागते. उद्या सकाळी उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी अलगद सोलून काढायची, मधल्या दांड्याला नख लागू द्यायचं नाही, आणि कळी झाकून ठेवायची. सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्याचे पराग त्या दांड्यावर फिरवायचे. बायका वाकून वाकून शेकडो फुलांचं हे लग्न लावतात. त्यांच्या बोटांतली नजर मी कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिलेली नाही.

सकाळचं पिवळट पांढरं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तोवर आत फलन होत आलेलं असतं. सरकीच्या सालीवरच्या पेशी तर फूल उमलतं त्याच दिवशी ताणायला लागतात. कापसाचा एकेक तंतू म्हणजे अशी एकच लांबलेली पेशी. युग्मनज मात्र गप्प असतो. विल्यम जेन्सन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा कापसाचा युग्मनज वाढण्याऐवजी आकसून जवळजवळ निम्मा झालेला दिसला. त्या आकसण्यात तो आपलं सामान लावून घेत असतो: वर काय, खाली काय, मूळ कुठल्या बाजूला, शेंडा कुठल्या. मग दोन-तीन दिवसांनी पहिल्यांदा विभागतो. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काहीच घडत नसतं. मला आज याच दिवसांबद्दल बोलायचं आहे.

आमच्या घरी देवणी गाय होती. माजावर आली की वडील तिला भरवायला नेत आणि भर उन्हात तशीच चालवत परत आणत. एकवीस दिवसांनी गाय उलटली की दोष गाईला. आता कळतं, की फलनानंतरचे पहिले दोन-तीन दिवस गाईच्या गर्भाला उष्णता सगळ्यात जास्त बाधते. तेव्हा तो दोन, चार, आठ पेशींचा असतो, स्वतःला सावरण्याची ताकद त्याच्यात आलेली नसते. तगला, तर पंधरा-सोळा दिवसांचा झाल्यावर तो गर्भाशयाला एक रासायनिक निरोप देतो, की मी आहे. तो निरोप पोचला तरच गाय पुन्हा माजावर येत नाही. तेव्हा देवणी असो की लाल कंधारी, चैत्र-वैशाखात भरवलेली गाय सावलीत बांधा आणि तिच्यापुढे पाणी ठेवा.

माणसाचा युग्मनज एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. दिवसभराने किंवा थोड्या जास्त वेळाने त्याचे दोन भाग होतात, तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी होतात, पाचव्या दिवशी आत पोकळी धरते आणि आठवडाभराने तो गर्भाशयाच्या भिंतीत रुजायला लागतो. हे पहिले दिवस शरीराबाहेर सांभाळूनही मूल होऊ शकतं, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही दाखवलं. ते बाळ 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मलं. मुलगा की मुलगी हेही फलनाच्या त्या क्षणीच ठरतं, आणि ठरतं ते बापाकडून आलेल्या पेशीमुळे. तरी अजून मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं आहेत. याचा मला राग येतो.

बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदयाची नळी हलायला लागते. पाठीच्या बाजूला एक पन्हळ पडलेली असते. तिचे काठ जवळ येऊन नळी मिटते आणि तिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू होतात. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती मिटायला हवी. त्या दिवशी आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींच्या ते लक्षातही आलेलं नसतं.

पाठीवर पातळ कातडीचा फुगा घेऊन जन्मलेलं बाळ मी पाहिलं आहे. घरच्यांनी ग्रहणाला दोष दिला, आईने तेव्हा विळी हातात धरली होती म्हणाले. ती मुलगी खाली मान घालून ऐकत होती. ग्रहण लागलं तेव्हा तिला सहावा महिना होता. नळी मिटायची राहिली होती ती चौथ्या आठवड्यात.

ती मिटायला फोलिक ॲसिड लागतं. त्याची वाट मुंबईतूनच निघाली. 1928 मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तिथे आली. गिरणी कामगार गरोदर बायका रक्ताविना पांढऱ्याफटक पडत होत्या. यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या सुधारतात, हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यामागचं द्रव्य 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं केलं गेलं. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान. आणि 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाने दाखवलं, की आधी असं बाळ झालेल्या आईने गर्भ राहण्याआधीपासून ही गोळी घेतली तर पुन्हा तसं होण्याची शक्यता 72 टक्क्यांनी घटते. सर्वसाधारण स्त्रीला दिवसाला 400 मायक्रोग्रॅम, तेही गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. जिला आधी असं बाळ झालं आहे, तिचं प्रमाण जास्त. ते डॉक्टरांनीच ठरवावं. पालेभाजी खावीच, पण गोळीच्या जागी नाही.

गेल्या महिन्यात लातूरच्या गंजगोलाईत माझी एक जुनी विद्यार्थिनी सासूबरोबर भेटली. हळूच म्हणाली, “सर, गोळी सुरू केलीय. आधीपासूनच.” सासूबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, “गुरुजी, काही नसताना गोळी कशापायी?” मी तिथेच उभ्या उभ्या अठ्ठाविसाव्या दिवसाचं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

“म्हंजे पेरायच्या आधी शेणखत टाकतो, तसंच की,” म्हणाल्या, आणि सुनेला विचारलं, “किती दिवसाच्या राहिल्यात? संपायच्या आत सांग मला.”