चेक सहीला आहे

(कोल्हापुरात भरलेल्या व्यापारी-उद्योजकांच्या वार्षिक मेळाव्यातलं अध्यक्षीय भाषण)



सत्काराला पन्नास मिनिटं लागली. मी घड्याळ बघूनच बसलो होतो. एकवीस शाली, एकवीस नारळ, एकवीस स्मृतिचिन्हं. माझ्या वाट्याचं स्मृतिचिन्ह मघाशी सहज उलटं करून बघितलं. खालच्या चिकटपट्टीवर ज्या दुकानाचं नाव आहे, ते दुकान आपल्या जिल्ह्यात नाही. शेजारच्या जिल्ह्यातही नाही. शालीचं विचारत नाही. इचलकरंजी इथनं तीस किलोमीटरवर आहे, पण ही तिथली नव्हे एवढं हाताला कळतं. आणि माझ्या पाठीमागच्या फलकावर काय लिहिलंय? ‘स्थानिक घ्या, स्थानिक वाढवा.’ फलक तेवढा इथला आहे, राजारामपुरीत छापलाय. त्याचं बिल मात्र अजून दिलेलं नाही. मागच्या वर्षीच्या फलकाचंही नाही. छापणारा पोरगा मला दारातच भेटला. मला वाटलं अभिनंदन करायला आलाय.

अध्यक्षांनी गोड बोलायचं असतं, असं कार्यवाहांनी मला दोनदा बजावलंय. पण मी अध्यक्ष झालो तो दोन मोठ्यांचं आपसांत जमेना म्हणून. मधल्या मध्ये हा गरीब बिनविरोध आला. शिरोलीत माझं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग यायचं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून पुढं पाठवायचं. तीस वर्षं जॉबवर्क करणाऱ्याच्या तोंडात साखर टिकत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या वर्षीची गोष्ट काढतो, कारण तिच्यावर आपण सगळ्यांनी छाती फुगवून घेतली. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीच्या पोरांच्या पायात आपली चप्पल दिसली. त्यांनी तिला नाव दिलं ‘चामड्याची सँडल’. कोल्हापूरचा उल्लेख नाही. मग काय विचारता! ‘महाराष्ट्र चेंबर’नं कंपनीला पत्र धाडलं, आणि धाडलं ते बरंच केलं, कंपनीनं मान्य केलं की ही प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलेची. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं जुलैत याचिका करणाऱ्यांना सांगितलं की, २०१९ साली या चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्याची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं, तुम्ही कोण? ती नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. पुढं डिसेंबरात त्याच महामंडळांबरोबर कंपनीनं करार केला. दोन हजार जोड, किंमत साधारण आठशे युरो. आपण पेढे वाटले. मीही खाल्ले.

पेढा खाऊन चार दिवसांनी मी सुभाषनगरला गेलो होतो. कारण घरगुती, बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला होता. ज्या घरात गेलो तिथं पुढच्या खोलीत एक मावशी वेणी घालत बसल्या होत्या. पट्ट्यावर चामड्याची बारीक वेणी असते ना, ती. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, दोन्ही हात चालू, नजर बाहेर रस्त्यावर. बघायची गरजच नाही त्यांना. शेजारी रापी, आरी, पाण्यात भिजत घातलेल्या वाद्या. कौतुक म्हणून मी म्हटलं, मावशी, तुमची चप्पल मिलानला गेली की! त्या म्हणाल्या, ‘जाऊ दे तिकडं, आमचं गणपतीतलं आलं न्हाई अजून.’ आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या दाखवल्या. पाकिटाच्या मागच्या कागदावर पेनानं लिहिलेलं: इतके जोड मिळाले, इतके बाकी. खाली सही. ज्या दुकानाची सही, त्याचं नाव मी इथं घेणार नाही. पण ते दुकान आपलं सभासद आहे, आणि मिलानच्या निषेधाच्या फोटोत पहिल्या रांगेत आहे.

मला एक विचारायचंय. चोर कोण? ज्यानं न विचारता नक्षी उचलली तो चोर असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्यानं जोड उचलला, विकला, पैसे गल्ल्यात टाकले आणि कारागिराला ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं, त्याला आपल्या मराठीत काय म्हणतात? त्याला आपण ‘पार्टी’ म्हणतो. पार्टी जरा लांबवते, पण माणूस चांगला.

अजून एक. मानांकनाच्या कायद्यात कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येतं. या मंडपात चप्पल विकणारे किती आहेत ते मला माहीत आहे. ज्यांच्याकडून माल घेता त्यांतल्या किती जणांची अशी नोंद तुम्ही करून दिलीत? कागद भरायला आपल्या कार्यालयात माणूस आहे, संगणक आहे, एसी आहे. दुपारभर तो एसी कुणासाठी चालतो?

आता माझ्या धंद्याकडं येतो, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्याच्याच चपला मोजतोय.

जॉबवर्कवाल्याचं बिल कसं अडतं ते इथं निम्म्या लोकांना पाठ आहे, उरलेले निम्मे अडवणारे आहेत, आणि बरेचसे दोन्हीकडं आहेत. माल गेला की पहिले आठ दिवस स्टोअरवाला सांगतो, माल मिळाल्याची नोंद, तो जीआरएन, झाला नाही. मग क्वालिटीवाला सांगतो, लॉट बघायचाय. मग दोन नग रिजेक्ट दाखवून शंभर नगांचं बिल थांबवतात. मग अकाउंटला फाईल. तिथं तो बिचारा फोनवर अगदी आपुलकीनं बोलतो, काका, तुमचा चेक तयार आहे, साहेबांच्या सहीला आहे. साहेब कुठं आहेत? साहेब बाहेरगावी आहेत. या तीस वर्षांत मी जेवढे साहेब बाहेरगावी पाठवले, तेवढे विमान कंपन्यांनीही पाठवले नसतील.

कायदा नाही का? आहे. २००६ चा आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पलीकडं जाता येत नाही. करार नसेल तर पंधराच दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यागणिक चक्रवाढ. दाद मागायला सुविधा परिषद आहे. पण अर्ज कोण करणार? ज्यानं केला त्याला पुढची ऑर्डर कोण देणार? म्हणून कायदा सतरा-अठरा वर्षं पुस्तकात मजेत झोपला. मग सरकारनं आयकराच्या कायद्यात ४३बी मध्ये एक पोटकलम घातलं, १ एप्रिल २०२४ पासून. छोट्याचं बिल मुदतीत दिलं नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही. पैसे द्याल त्या वर्षी धरायचा. म्हणजे थकवाल तर तुमचाच कर वाढेल. पहिल्यांदा कुणीतरी दुखतंय तिथं बोट ठेवलं.

आणि आपण काय केलं? देशभरच्या संघटना मुदत मागत होत्या, त्यात आपणही निवेदन दिलं. मी त्या शिष्टमंडळात होतो, लाज वाटते पण होतो. फोटोत डावीकडून तिसरा. छोट्या उद्योजकांच्या हितासाठी आमचं निवेदन काय, तर छोट्याला पैसे वेळेत द्यायची सक्ती करू नका! त्याच महिन्यात मला एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला: तुमची सूक्ष्म-लघु उद्योगाची ती उद्यम नोंदणी तेवढी रद्द करून टाका, म्हणजे आपल्याला पुढं काम चालू ठेवता येईल. मी तीन रात्री विचार केला. नोंदणी ठेवली, गिऱ्हाईक गेलं. दोन पोरं कामावरनं कमी करावी लागली. त्यातला एक आता पुण्यात चाकणला आहे. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतोय.

कुणीतरी मागनं पुटपुटलं, मी ऐकलं: ‘वरचा मला देत नाही, मी खालच्याला कुठनं देऊ?’ खरं आहे. मीही हेच म्हणत आलो. पण गेल्या महिन्यात माझी वही काढून बसलो. वरनं येणं होतं त्यातलं बरंचसं साठ दिवसांत आलं होतं. आणि खाली? ग्राइंडिंग करून देणारा एक जण पाच महिने थांबला होता. टेम्पोवाला तीन महिने. चहावाल्याचा हिशेब दसऱ्यापासून केला नव्हता. पैसे नव्हते म्हणून नव्हे. ते मागत नव्हते म्हणून. मोठ्याचा तगादा असतो, छोट्याची भीड असते, आणि आपण भिडेवर धंदा करतो. ते सगळं मी चुकतं केलं. त्या ग्राइंडिंगवाल्याला व्याज विचारलं तर तो घाबरला, म्हणाला, काका, काम बंद करताय काय?

व्यापाऱ्यांची संघटना, म्हणजे चेंबर, कशासाठी असते, हे आपण विसरलोय. १८३६ साली मुंबईत पहिलं चेंबर उभं राहिलं ते प्रामुख्यानं गोऱ्या व्यापाऱ्यांचं. देशी व्यापाऱ्यांना आपलं वेगळं काढायला १९०७ साल उजाडलं. महाराष्ट्राचं चेंबर १९२७ चं, वालचंद हिराचंदांनी काढलेलं. हे वालचंद कोण? सोलापूरचा माणूस. १९१९ साली सिंदिया कंपनीचं जहाज लंडनला धाडलं, आणि गोऱ्या जहाज कंपन्यांनी भाडी पाडून त्याचं कंबरडं मोडायचा प्रयत्न केला तरी हटला नाही. मोठा दादागिरी करतो तेव्हा धाकट्यांनी एकत्र बसायची जागा म्हणजे चेंबर. आपण तिचं मंगल कार्यालय केलं.

आणि आपल्या गावात तर दाखला शोधायला लांब जायला नको. गंगाराम कांबळेंची गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पागेतला नोकर, हौदातल्या पाण्यासाठी मार खाल्लेला. शाहू महाराजांनी त्याला भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला लावलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातलं कोण येतंय? तर महाराजांचा खडखडा, म्हणजे घोडागाडी, दारात थांबायचा, महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. आपण ही गोष्ट समतेची म्हणून सांगतो, बरोबरच आहे. पण मी धंदेवाला, मला तिच्यात आणखी एक दिसतं. महाराजांनी त्याला गिऱ्हाईक दिलं. स्वतः गिऱ्हाईक झाले आणि बाकीच्यांना व्हायला लावलं. ज्याची पत नव्हती त्याच्या दारात आपली पत नेऊन उभी केली. आपल्यापैकी प्रत्येकाकडं तेवढा खडखडा आहे, मंडळी. तो आपण सुभाषनगरच्या गल्लीत किती वेळा थांबवतो?

मघाच्या मावशींचं तर त्या पंचेचाळीस दिवसांच्या कायद्यातही भागत नाही. त्यांची उद्यम नोंदणी नाही, त्या कुणाच्या हजेरीपटावर नाहीत. त्या उद्योजक नाहीत, कामगार नाहीत. त्या फक्त खिळ्याला टोचलेली चिठ्ठी आहेत. तिथं कायदा पोचायला अजून किती वर्षं लागतील माहीत नाही. आपण मात्र रिक्षानं वीस मिनिटांत पोचतो.

तांबडा-पांढरा निवत चाललाय, आचारी दोनदा डोकावून गेला, तेव्हा आवरतो. भाषणाच्या शेवटी ठराव असतो. कार्यवाहांनी दिलेल्या ठरावात सरकारकडं सहा मागण्या आहेत. त्या वाचल्या असं समजा. माझा ठराव सातवा आहे आणि सरकारकडं नाही. या संघटनेच्या ज्या सभासदाचं छोट्या पुरवठादाराचं वा कारागिराचं बिल पंचेचाळीस दिवसांच्या वर थकलेलं असेल, मग त्याची नोंदणी असो वा नसो, त्या सभासदाला पुढच्या वर्षी या व्यासपीठावर खुर्ची नाही, शाल नाही आणि कार्यकारिणीत जागा नाही. तक्रार नाव न सांगता कार्यालयात करता येईल. सुरुवात संघटनेपासून: त्या फलकवाल्या पोराचे दोन वर्षांचे पैसे जेवणाआधी द्यायचे, चेकवर सही अध्यक्षांची लागते आणि अध्यक्ष आज गावात आहेत.

अनुमोदन कुणाचं? मागं कुणाचा हात वर आहे तो दिसतोय मला, तो आचाऱ्याचा आहे, त्याला मत नाही. त्याचंही बिल थकलंय वाटतं. पहिल्या रांगेतले, तुम्ही बोला. फोटोग्राफर कुठं आहे? बाबा, इकडं ये. शालीचे खूप काढलेस. आता हात वर असलेल्यांचा एक काढ, आणि खाली असलेल्यांचा एक.