परिचारिकांच्या अडचणी व आपलें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे उपकार आठवीत असतांना, रुग्णालयांत शुश्रूषेचें कार्य करणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील कन्यांविषयीं दोन शब्द बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानें घायाळ वाटसरूस उतारशाळेंत आणिलें. पण दुसऱ्या दिवशीं तो आपल्या मार्गानें गेला आणि पुढील सारी शुश्रूषा उतारशाळेच्या रक्षकावर येऊन पडली. या रक्षकाचा विचार आपण क्वचितच करितों. आजची परिचारिका म्हणजे तोच रक्षक होय. शोमरोन्यानें त्याची नुसती स्तुति केली नाहीं. दोन दीनार त्याच्या हातीं ठेविले व अधिक खर्च लागल्यास तोही देण्याचें पत्करिलें. आपण मात्र परिचारिकेस देवदूत म्हणतों; आणि देवदूतास झोप नको, वेतन नको, अशी जणूं आपली समजूत झाली आहे!

पहिली अडचण अति श्रमांची. खाटा पुष्कळ, हात थोडे. मुंबईची रात्रपाळी आटोपून वसईस परतणाऱ्या सुनेपुढें सकाळीं चूल उभीच असते. रात्रपाळीनंतरची झोप ही चैन नव्हे. थकल्या डोळ्यांनीं औषधाची मात्रा चुकली, तर तें रोग्याच्या जिवावर बेतेल. म्हणून पतीनें व सासूसासऱ्यांनीं घरचा भार वांटून घ्यावा, आणि रुग्णालयांच्या चालकांनीं रिकाम्या जागा भराव्यात. रविवारीं पाळीवर असणारीस मिस्सा चुकल्याचा बोल कोणी लावूं नये. रुग्णसेवा हें त्यास योग्य कारण आहे, आणि शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेनेंही तें कर्तव्य पार पडतें.

दुसरी अडचण शरीरास होणाऱ्या अपायाची. रोग्यास एकटीनें उचलून कंबर कायमची दुखावते. हें काम दोघींनीं मिळून करावें. वापरलेल्या सुईवर पुन्हां टोपण बसवूं नये. सुई टोंचलीच, तर जखम न दाबतां साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवावी आणि तत्काळ वरिष्ठांस कळवावें. एच्. आय्. व्ही.चा संसर्ग टाळणारीं औषधें होईल तितक्या लवकर, निदान ७२ तासांच्या आंत, सुरू करून २८ दिवस घ्यावीं लागतात. बोलणीं खावीं लागतील या भयानें पुष्कळ जणी गप्प राहतात. तें भय घालविणें हें वरिष्ठांचें काम आहे.

तिसरी अडचण अपमानाची व मारहाणीची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथील सफाई-कामगारानें अमानुष अत्याचार केला. १८ मे २०१५ रोजीं तिला मृत्यु येईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनीं तिची शुश्रूषा केली. त्यांनीं जें केलें तें थोर आहे. परंतु अशी पाळी येऊं न देणें हें समाजाचें कर्तव्य होतें. २०१३ च्या कायद्यान्वयें दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणीं स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिति असलीच पाहिजे. परिचारिकेवर हात टाकणारास महाराष्ट्रांत २०१० च्या कायद्यानें ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पण हात टाकणारे पुष्कळदां रोग्याचे नातलगच असतात, म्हणजे आपणच! दुःखांत जीभ व हात आवरणें हाही ख्रिस्ती धर्मच आहे.

चौथी अडचण वेतनाची. परिचारिकांच्या संघटनेच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१६ मध्यें समिति नेमण्याचा आदेश दिला. खाजगी रुग्णालय ५० खाटांहून लहान असलें तरी मासिक वेतन २० हजारांहून कमी नसावें, आणि खाटा २०० हून अधिक असल्यास तें सरकारी वेतनाइतकें असावें, अशी त्या समितीनें शिफारस केली. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालींच शिकविलें कीं, योग्य मजुरी हें दान नव्हे, तो न्याय होय. ख्रिस्ताचें नांव धारण करणाऱ्या रुग्णालयांस तर ही शिकवण आधीं लागू आहे. परिचारिकांनींही एकएकटें कुढत न बसतां संघटित व्हावें.

परिचारिकांचे आश्रयदाते संत कॅमिलस यांच्या स्वतःच्या पायास आयुष्यभर न भरणारी जखम होती. जखमा बांधणाऱ्यासही जखमा असतात, हें आपण विसरूं नये. उतारशाळेच्या रक्षकाचें देणें आपल्याकडे बाकी आहे; या महोत्सवाच्या वर्षीं तें आपापल्या घरापासून फेडण्यास आरंभ करूं या. परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.