रद्दीचीं भांडीं

केंदूर हें शिरूर तालुक्यांतील, संत कान्होराज पाठकांचें गांव. तेथें काय किंवा अन्य गांवीं काय, वर्तमानपत्राचें आयुष्य एका सकाळचें. दुपारीं त्यास रद्दी म्हणतात. ती वाण्यास वजनावर देतां येते, आणि तो मार्ग वाईट नव्हे. परंतु तींच पानें भज्यांच्या पुड्या होऊन मुलांच्या हातीं परत येतात, हें वाईट. गरम तेलांत छपाईची शाई उतरते व पोटांत जाते. असें अन्न बांधूं नये, असें भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१६ सालीं बजावलें आहे.

मग रद्दीचें करावें काय? जुन्या गृहिणींस तें ठाऊक होतें. सुपें व दुरड्या यांच्या विणींतील फटी त्या कागदाच्या लगद्यानें लिंपीत. कागद फाडून दोन-तीन दिवस पाण्यांत भिजवावा, पाणी बदलावें व उखळांत कांडावा. रात्रभर भिजलेल्या मेथ्या पाट्यावर वाटून त्यांत कालवाव्या. भिजलेली मेथी बुळबुळीत होते. लगद्यास चिकटपणा येतो तो तिच्यामुळेंच. तिच्या कडवटपणास कीडहि भिते. पालथ्या घागरीवर ओलें फडकें पसरून त्यावर हा लगदा सारखा थापला, कीं सुकल्यावर स्वतंत्र भांडेंच उतरतें.

छापील कागदापासून नवा कागद करण्याची कृति जर्मनींतील क्लाप्रोट या विद्वानानें १७७४ सालींच प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे जुन्नरचा हातकागद पूर्वीं नांवाजलेला होता, आणि पुण्यास १९४० सालीं हातकागदाची संस्था निघाली. पण वर्तमानपत्राचा कागद मुख्यतः लांकूड भरडून केलेला, तंतूंनीं आंखूड. प्रत्येक कांडपानें तो आणखी दुबळा होतो. चिंध्यांच्या कागदाचा चिवटपणा त्यांत कोठून येणार! म्हणून त्याचे लिहिण्याजोगे ताव करण्याचा खटाटोप घरीं करूं नये, भांडींच करावीं. गुळगुळीत रंगीत पानें वेगळीं ठेवावीं. तीं नीट विरत नाहींत.

पूर्वीं अशा दुरडींत धान्य ठेवीत. आतां लगदा छापील कागदाचा असल्यानें सूत, कापूस, सुया-दोरे एवढेंच ठेवणें बरें. धान्य ठेवणेंच झालें, तर आंत स्वच्छ कापडाची पिशवी घालावी.

हें काम चैत्र-वैशाखांत काढावें. भांडें प्रथम सावलींत सुकूं द्यावें, नाहींतर तडे जातात. मग उन्हांत ठेवावें. पावसाळ्यांत तें जमिनीवर न ठेवतां खुंटीस टांगावें.