सेवा-विपणनाचे शिक्षण आणि आपले दुकान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या वेळी केलेले भाषण)



प्रारंभीच एक कबुली देतो. पदव्युत्तर वर्गात आम्ही सेवा-विपणन हा विषय शिकत असता एके दिवशी प्राध्यापकांनी फळ्यावर केशकर्तनालयाचे चित्र काढले व ‘या धंद्याची आतली माहिती कोणास आहे काय?’ असा प्रश्न केला. आमच्या वडिलांचे दुकान तेथून हाकेच्या अंतरावर होते. आम्ही मान खाली घालून वहीत लिहीत राहिलो. आज गौरविल्या गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण याच शिक्षणाकडे वळणार आहेत असे समजते. म्हणून ही गोष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

हा विषय आहे तरी काय? साबणाची वडी आधी तयार होते, मग गुदामात राहते, मग विकली जाते. सेवेचे तसे नाही. ती हाती धरून दाखविता येत नाही. करणारा आणि घेणारा यांना एकत्र यावे लागते. दर खेपेस ती सारखी उतरेलच असा भरवसा नसतो. आणि ती साठवून ठेवता येत नाही. शास्त्रकारांनी सांगितलेली ही चार लक्षणे होत. मंगळवारी दुपारी रिकामी राहिलेली खुर्ची रविवारच्या गर्दीसाठी राखून ठेवता येत नाही, हे आपल्यापैकी कोणास ग्रंथातून वाचावे लागले आहे काय? गिऱ्हाईक दुकानाचे नसते, हाताचे असते. कारागीर समोरच्या दुकानात गेला की त्याची गिऱ्हाइकेही रस्ता ओलांडतात. धोकटी घेऊन गावात हिंडणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी सुगीच्या बलुत्यावर वर्षभराचे घरोबे सांभाळले. आजचे पंडित त्याच प्रकारच्या व्यवहारास संबंधाधिष्ठित विपणन म्हणतात. तथापि बलुत्यात मोबदला ठरविण्याचा अधिकार आपला नव्हता, हेही विसरता कामा नये.

मग शिकावयाचे काय? तर जे हातास ठाऊक आहे ते मोजावे कसे, मांडावे कसे आणि त्याचे मोल ठरवावे कसे, हे. न्यूयॉर्कच्या सिटीबँकेतील अधिकारी लिन शोस्टॅक या बाईंनी 1977 साली असे प्रतिपादन केले की, वस्तू विकण्याचे नियम सेवेस जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुढे 1984 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये सेवेचा नकाशा कसा काढावा हे दाखविताना त्यांनी उदाहरण घेतले ते रस्त्याच्या कोपऱ्यावर जोड्यांना पॉलिश करणाराचे! ब्रश मारण्यास 30 सेकंद, पॉलिश लावण्यास 30, चकाकी आणण्यास 45, पैसे घेण्यास 15. आणि चूक होण्याचे ठिकाण कोणते, तर भलत्या रंगाचे पॉलिश लागणे. ते वाचले त्या रात्री आम्हांस आमच्या वर्गातील मौनाची फार शरम वाटली.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करावयाचा होता. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले परशुरामन आणि त्यांचे दोन सहकारी, झाइथॅमल व बेरी, यांनी 1985 साली असे दाखविले होते की, गिऱ्हाइकाची अपेक्षा आणि चालकाची तिच्याविषयीची समजूत यांत अंतर पडते; 1988 साली त्यांनी सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी 22 विधानांची प्रश्नावलीही सिद्ध केली. ती घेऊन आम्ही अखेर वडिलांच्याच दुकानात बसलो. वडिलांचे मत असे की, लोक हाताच्या सफाईसाठी येतात. लोकांचे म्हणणे निराळेच पडले: सफाई तर आहेच, पण किती वेळ बसावे लागेल ते कोणी सांगत नाही. आम्ही मोठ्या उत्साहाने वडिलांना अंतराचा सिद्धान्त समजावू लागलो. त्यांनी वस्तरा पुसत शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग तसं सांगत जाऊ की. त्याला दोन वर्षं कशाला लागली रे?”

या शास्त्रात एक उणीव मात्र आम्हांस जाणवते. ते गिऱ्हाइकाच्या समाधानाने भारून गेलेले आहे. सेवा करणाराचे मन त्यात पुष्कळदा परिशिष्टात जाते. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बंधूंनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. मागणी होती, दामही मिळत होता. तरी ती सेवा नाकारली गेली. आमच्या एकाही क्रमिक पुस्तकात हे उदाहरण आम्हांस आढळले नाही.

सांप्रत भ्रमणध्वनीवरून कारागीर घरी बोलाविता येतो आणि काम आटोपल्यावर गिऱ्हाईक त्याला तारे देते. मोठ्या भांडवलाची साखळी-दुकाने शहरोशहरी उघडली आहेत. कातर पुष्कळ ठिकाणी आपल्याच मुलांच्या हाती असते. दर, पाटी आणि गिऱ्हाइकांची यादी मात्र दुसऱ्याकडे. आपल्या मुलामुलींनी हे शिक्षण घ्यावे असे आम्ही म्हणतो ते एवढ्याचसाठी. केवळ कोणाच्या तरी कचेरीत नोकरी लागावी म्हणून नव्हे. अर्थात नोकरी लागली तर तीही वाईट नाही.

व्यवहाराचे थोडे बोलतो. एमबीए किंवा एमएमएस हा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असून सेवा-विपणन हा विषय बहुधा दुसऱ्या वर्षी, तोही ऐच्छिक असतो. तेव्हा तो प्रत्यक्ष शिकविला जातो की केवळ माहितीपत्रकात छापलेला आहे, याची मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे चौकशी करावी. संस्थेस अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे किंवा नाही ते पाहावे. संख्याशास्त्राची भीती बाळगू नये. आणि पालकांना हात जोडून विनंती की, गुळगुळीत कागदावरील चित्रे पाहून दुकान गहाण टाकू नये.

आमची या विषयाची पुस्तके आणि तो जुना प्रकल्प आम्ही मंडळाच्या कचेरीत ठेवला आहे. ज्यांना हवे असतील त्यांनी खुशाल घेऊन जावे. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर वडिलांच्या दुकानाचे नाव आम्ही त्या वेळी घातले नव्हते. ते आता शाईने लिहिले आहे.