सुट्टीतल्या ६२ उत्तरपत्रिका

फुटबॉलचा नाद ज्याला एकदा लागला, त्याला विश्वचषकाचा निदान एक सामना प्रत्यक्ष पाहावा असे वाटतेच. मला ती संधी २०२२ च्या नोव्हेंबरात लाभली. त्या वर्षीची स्पर्धा कतारमध्ये होती, आणि माझा धाकटा भाऊ तेथे दोहा शहरातील एका हॉटेलात नोकरीस होता. बेळगावच्या कॅम्पात आम्ही दोघे अनवाणी चेंडू खेळत वाढलो. वडिलांचे आजोळ गोव्याचे, म्हणून घरात पोर्तुगालची बाजू घेण्याची चाल पडलेली. एरवी त्या देशाशी आमचे देणेघेणे काही नाही. भावाचा फोन आला, "दादा, पोर्तुगाल आणि घाना यांचा सामना आहे. या खेपेस तू आलाच पाहिजेस."

अडचण होती ती रजेची. शाळा चालू होती व चाचणी नुकतीच आटोपली होती. आठ दिवसांची रजा मंजूर झाली ती या अटीवर, की नववीच्या भूगोलाचे गुण ठरल्या तारखेस शाळेत पोहोचावेत. तेव्हा कपड्यांच्या तळाशी ६२ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घालून मी दाबोळीच्या विमानतळावर दाखल झालो. उत्तरपत्रिका परदेशी न्याव्यात की नाही, याविषयी नियम काय सांगतो हे मी कोणास विचारले नाही. आज सांगतो आहे, इतकेच.

दोह्याचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते. तेथे सकाळचे साडेसहा होतात न होतात तोच शाळेचे निरोप मोबाइलवर येऊ लागत. भाऊ कामावर गेला, की मी त्याच्या खोलीत लाल पेन घेऊन बसे, आणि मनातल्या मनात कुरकुरे, की ही कसली सुट्टी! एका मुलाने लिहिले होते, "वाळवंटात मनुष्यवस्ती विरळ असते." उत्तर पुस्तकातले, पूर्ण गुणांचे. पण खिडकीबाहेर आकाशाला भिडलेल्या इमारती दिसत होत्या. त्या छोट्याशा देशाची वस्ती तीस लाखांच्या आसपास, तीतले बहुतेक लोक पोटासाठी बाहेरून आलेले. त्यांत जगभरच्या प्रेक्षकांची भर. मी गुण दिले, पण हात किंचित अडखळला.

सामना २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सात वाजता होता. भावाचे तिकीट केवळ रहिवाशांसाठी राखलेल्या वर्गाचे, ४० रियालांचे. माझे २५० रियालांचे. जागा दूर दूर होत्या, तरी जाणे-येणे बरोबरच करायचे ठरले होते. दुपारी त्याचा फोन आला. हॉटेल पाहुण्यांनी भरून गेले होते आणि त्याची सुट्टी रद्द झाली होती. "तू जा, दादा. आल्यावर सगळे सांग. तोवर मी निकाल पाहणार नाही."

मी एकटाच गेलो. बंदराशेजारच्या त्या मैदानाचे नाव '९७४'. कतारचा दूरध्वनी-संकेतांक तोच, आणि मैदान उभारताना वापरलेल्या मालवाहू पेट्यांची संख्याही तीच. स्पर्धा संपताच सारे सुटे करता यावे अशी ती रचना. पूर्वार्ध कोरडा गेला. ६५ व्या मिनिटास रोनाल्डोने पेनल्टीवर गोल केला आणि पाच विश्वचषकांत गोल करणारा पहिला पुरुष खेळाडू तो ठरला. घानाने बरोबरी साधली. लागलीच पोर्तुगालने दोन गोल केले. घानाने आणखी एक फेडला. मी मात्र मधून मधून वरच्या रांगांकडे पाहत होतो. त्या गर्दीत एक खुर्ची रिकामी असणार, ती काही मला सापडली नाही.

मध्यरात्री खोलीवर परतलो. झोप येईना, म्हणून गठ्ठा सोडला. नऊ पेपर तपासून झाले तेव्हा, पहाटे तीनच्या सुमारास, भाऊ आला. हॉटेलात पोर्तुगालचे पाठीराखे उतरलेले. त्यांच्या आरोळ्यांवरून निकाल त्याला केव्हाच कळला असणार. तरीही बूट न काढता तो पलंगाच्या कडेस बसला आणि त्याने मला प्रत्येक गोल सांगू दिला. शेवटच्या क्षणांचा प्रसंग मी उभे राहून करून दाखवला. गोलरक्षक कोस्टाने चेंडू जमिनीवर ठेवला, आणि घानाचा विल्यम्स त्याच्या पाठीमागे दबा धरून आहे हे त्याला ठाऊकच नाही! विल्यम्सने झडप घातली, आणि ऐन वेळी त्याचा पाय घसरला.

"घसरला?" भाऊ पोट धरून हसला. कॅम्पातल्या मैदानावर चिखलात हसे, तसाच.

मग त्याची नजर टेबलाकडे गेली. "किती राहिले?"

"अठरा."

तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, म्हणून देवळातली मुख्य गर्दीही शुक्रवारचीच. "सकाळी मिस्साला जायचे आहे आणि दुपारी मला पुन्हा ड्यूटी," तो म्हणाला. "तू तपास, मी बेरजा करतो." आणि बूट काढून, डोळे चोळत, त्याने पहिली उत्तरपत्रिका पुढे ओढली.