समाधिशिळांचे वाचन आणि जतन
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत जुन्या समाधींच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्याचा ठराव आहे. ठरावामागील भावना स्तुत्य आहे आणि वर्गणीदारांच्या यादीत आमचेही नाव आहे. तथापि त्या निधीतील पहिला रुपया सिमेंटावर खर्च होण्यापूर्वी एक विनंती करावी, एवढ्यासाठीच आम्ही येथे उभे आहो. प्रत्येक समाधीवरील अक्षरे प्रथम वाचून, छायाचित्रासह उतरून घ्यावीत. गवंड्यास त्यानंतर बोलवावे.

आपल्या ज्ञातीत मृतांस भूमी देण्याची चाल आहे. त्यामुळे आपल्या कुळांचा थोडाबहुत इतिहास दगडावर उरला. हेळव्यांच्या वह्यांतून आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळींतून पिढ्यांची माळ सापडते हे खरे. परंतु त्यांत बहुधा पुरुषांचीच नावे, आणि अमुक मनुष्य कोणत्या तिथीस निवर्तला हे क्वचितच. ते सांगते ती शिळा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. आपल्या पूर्वजांच्या पदरी तेवढे सामर्थ्य कोठून असणार? त्यांनी दोन ओळी कोरवल्या. त्या दोन ओळी गेल्या की सारेच गेले.

त्या कशा जातात, हेही सांगतो. ऊनपावसाने दगड झिजतो, पण काळा पाषाण त्यास दोनतीनशे वर्षे सहज तोंड देतो. खरा घात होतो तो भक्तीने. प्रथम शेंदूर, मग तैलरंग, मग चकचकीत फरशी. एका गावी आम्ही असे पाहिले की, समाधीवर संगमरवरी नवी पाटी बसविली आहे, पाटीवर देणगीदारांची नावे ठळक आहेत, आणि मूळ शिळा पाण्याच्या टाकीपाशी धुणे आपटण्यास ठेविली आहे. नव्या पाटीवर शक नाही. विचारता कळले की, कारागिरास तो वाचता आला नाही, म्हणून त्याने गाळला! शिळेवर तोवर तीनच अक्षरे शिल्लक होती.

आता वाचनास निघावयाचे कसे? एकट्याने जाऊ नये. भाद्रपदात गवत कमरेएवढे असते, आणि शिळेच्या बुडाशी विंचू व साप असावयाचेच. म्हणून मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. जागा कोणाच्या शेतात असल्यास त्याची अनुज्ञा घ्यावी. कललेल्या शिळेस टेकू नये, तिच्यावर मुलांस चढू देऊ नये. वरून भक्कम दिसणारा दगड खाली मातीत चार बोटेच रोवलेला असू शकतो. स्मारक शासनाने संरक्षित केलेले असेल तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून त्यास हात लावता येत नाही. तेथे पाहावे, टिपून घ्यावे, आणि परतावे.

अक्षर दिसत नाही म्हणून पुष्कळजण घासू लागतात. वस्तुतः बहुतेक वेळी उणीव असते ती प्रकाशाची. भरदुपारी समोरून ऊन पडले की खोदीव अक्षर सपाट दिसते. तेच सकाळी किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश बाजूने सरपटत आला म्हणजे, प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ओळ उठून दिसते. शिळेचे तोंड उत्तरेस असेल तर घरचा आरसा न्यावा व ऊन तिरपे टाकावे. रात्री विजेरी अगदी कडेस धरली तरी तोच गुण येतो. विजेरी चारी बाजूंनी फिरवून प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यावे. एकात न दिसणारी वेलांटी दुसऱ्यात सापडते.

आम्हां शिक्षकांस खडूचा मोह फार. परंतु अक्षरांत खडू भरणारा मनुष्य जे आहे ते रंगवीत नाही. त्यास जे वाटते ते रंगवितो. पुढच्याने मग दगड न वाचता खडू वाचावा! पीठ, राख, तैलरंग, सर्वांस हाच आक्षेप आहे. कागद ठेवून पेन्सिलीने घासणेही पापुद्रे सुटलेल्या शिळेवर करू नये. पुराभिलेखवेत्ते शाईचे ठसे घेतात, ते त्यांनाच शोभते.

साफ करणे अगदी अवश्य असेल तर स्वच्छ पाणी आणि मऊ कुंचला, एवढेच साहित्य. आधी शिळेवर बोटाने हलकेच टिचकी मारून पाहावी. पोकळ आवाज आला किंवा भुगा पडला तर पाणीही नको. तारेचा ब्रश, धुण्याचा सोडा, फरशी धुण्याचे आम्ल वर्ज्य. पितळ उजळते म्हणून संगमरवरावर चिंच-लिंबू चोळणारे आहेत. आम्लाने संगमरवर विरघळतो, हे त्यांस कोणी सांगावे. दगडफूल, ज्याला आपण मसाल्यात घालतो तेच, शिळेवर घट्ट चिकटलेले असते. ते कोरडे असता खरवडले तर दगडाचे कण घेऊनच निघते. पाण्याने भिजवून, लाकडी चपट्या काडीने, सुटेल तेवढेच काढावे. न सुटले तर राहू द्यावे.

सर्वांत कठीण भाग मितीचा. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. मिती पौष-माघ-फाल्गुनातील असून १ जानेवारीनंतरची असेल तर ७९. अंक झिजला असल्यास संवत्सराच्या नावाचे साह्य घ्यावे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी उरेल तो प्रभवापासून संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. समजा शिळेवर ‘शके १७’ आणि शेवटी ‘३’ एवढेच दिसते, मधला अंक गेला, पण ‘प्लवनाम संवत्सरे’ स्पष्ट आहे. प्लव पस्तिसावा. १७०३ मध्ये १२ मिळविले, १७१५ झाले. ६० ने भागता बाकी ३५. जुळले. पण साठ वर्षांनी १७६३ लाही तेच उत्तर येते. बाकीचे आठ शक मात्र एकदम बाद होतात. आता शून्य की सहा, एवढाच प्रश्न उरला. तेथे वार उपयोगी पडतो. शिळेवर भौमवासर, भृगुवासर, मंदवासर अशी नावे असतात, ती अनुक्रमे मंगळ, शुक्र व शनिवारची. दोन्ही शकांतील त्या तिथीचा वार जुन्या पंचांगावरून काढावा; बहुधा एकच जुळेल. न जुळल्यास वहीत दोन्ही शक लिहावेत. आपल्या आजोबांना साठ वर्षे जुने करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

वेशीवरील वीरगळांविषयी एक शब्द. खालच्या पट्टीत लढाई किंवा गाईंचे हरण, मध्ये वीरास नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची रचना असते. बहुतेकांवर लेख नसतो. तो वीर आपल्याच कुळातला असे म्हणावयास अक्षराचा आधार हवा. नुसत्या अभिमानावर वंशावळ वाढवू नये. जतन मात्र त्याचेही करावे.

नोंद करताना ओळीत जसे आहे तसेच उतरावे, ऱ्हस्वदीर्घ सुधारू नये. मास्तरांनी येथे लाल शाई बाजूस ठेवावी. गेलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे. शिळेची लांबीरुंदी, तोंडाची दिशा, गट नंबर आणि वाचल्याचा दिनांक लिहावा. उचलून मंदिरात नेलेल्या शिळेखाली कोण आहे हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून ती जागेवरच राहू द्यावी. उभी करावयाची असल्यास चुन्यात बसवावी. सिमेंट ओल व क्षार कोंडते आणि दगड बुडापासून सोलत जातो. लेख विशेष जुना वाटल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावे.

पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या निदान पाच समाधींची अशी नोंद दोन प्रतींत करावी, एक त्या कुळाकडे व एक ज्ञातीच्या कार्यालयात, आणि जीर्णोद्धाराचा ठराव त्या नोंदी हाती आल्यावरच अमलात आणावा, अशी उपसूचना आम्ही अध्यक्षांपुढे ठेवीत आहो.